ड्राय हॉपिंगची स्टील नळी: बिअर स्वच्छ निघते, सुगंध मात्र नळीतच अडकतो

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले; आंबून तयार होत आलेल्या बिअरमध्ये सुगंधासाठी ती पुन्हा घालणे म्हणजे ड्राय हॉपिंग. त्यासाठी छोट्या प्रमाणावर बिअर करणाऱ्यांना बारीक जाळीची एक स्टीलची नळी ऑनलाइन सहज मिळते. साधारण ७ सेंटिमीटर व्यासाची, ३० सेंटिमीटर लांबीची, ३०४ ग्रेडच्या स्टीलची, ३०० मायक्रॉनच्या जाळीची आणि वर आट्यांचे झाकण असलेली ही नळी वेगवेगळ्या नावांनी, पण जवळजवळ एकाच मापात विकली जाते. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नसून या वस्तूचे आहे. तिच्यात हॉप्सच्या गोळ्या भरायच्या, झाकण लावून ती फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्यात, सोडायची आणि तीन दिवसांनी साखळीने वर ओढून घ्यायची. बिअरमध्ये हिरवा गाळ राहत नाही आणि सुगंध मात्र पूर्ण उतरतो, असे विक्रेते सांगतात. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा, निदान या मापाच्या नळीबाबत, खरा नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. स्वतःपुरते आणि घरात केले, तरी तो अपवाद ठरत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मुभा मिळाली आणि तिथे वाढलेल्या छंदातूनच अशा साहित्याची मोठी बाजारपेठ उभी राहिली. आपल्याकडे तशी स्थिती नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोटी बिअरनिर्मितीशाळा, सुरू झाली आणि त्यानंतर ताजी बिअर शहराच्या परिचयाची झाली, पण ती परवाना घेतलेल्या मायक्रोब्रुअरीतच तयार होते. म्हणून ही नळी मी मुंढव्यातील एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्या मित्राबरोबर, तिथल्या २० लिटरच्या चाचणी संचावर वापरली. नवी पाककृती मोठ्या टाकीत करण्याआधी तिथे ती या संचावर करून पाहतात आणि घरगुती संचाशी त्याचे माप तंतोतंत जुळते.

नळीत नेमके काय बिघडते हे समजण्यासाठी ड्राय हॉपिंगमध्ये काय घडते ते पाहावे लागते. हॉप्सच्या फुलात पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिनचे पिवळे, चिकट कण असतात; कडवटपणा देणारी अल्फा आम्ले आणि सुगंध देणारी तेले, दोन्ही त्यांतच असतात. वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड अर्क, उकळताना हॉप्स घातले, तर उष्णतेने अल्फा आम्लांचे रूप बदलते आणि बिअरला कडवटपणा येतो, पण मर्सीनसारखी हलकी तेले वाफेबरोबर निघून जातात. ती वाचवायची असतील, तर किण्वन संपत आल्यावर, उष्णता न देता, बिअरमध्ये पुन्हा हॉप्स घालावे लागतात. आंबा, संत्र्याची साल, लिची, पाइन असे जे वास आजच्या आयपीएमध्ये (इंडिया पेल एल या हॉप्सप्रधान बिअरमध्ये) लोक शोधतात, ते बहुतांशी या दुसऱ्या खेपेतून येतात. ही युक्ती नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याकडे निघणाऱ्या पेल एलच्या पिंपांतही हॉप्स घातलेले असत.

आता बहुतेक ठिकाणी फुलांऐवजी टी-९० प्रकारच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, वापरतात. वाळवलेली फुले दळून, दाबून त्यांच्या बारीक कांड्या केलेल्या असतात. फुलांच्या वजनाच्या सुमारे ९० टक्के वजन गोळ्यांत उतरते, त्यावरून हे नाव पडले. मोकळ्या बिअरमध्ये पडल्यावर ही गोळी काही मिनिटांतच फुटते, तिची पूड पसरते, आधी तरंगते आणि मग हळूहळू खाली बसते. या प्रवासात प्रत्येक कणाला चारही बाजूंनी बिअर भेटते, म्हणून तेल लवकर आणि पुरेसे उतरते. नळीत मात्र गोळीला फुटून पसरायला जागाच उरत नाही. ती बिअर शोषून कित्येक पट फुगते, शेजारची गोळीही फुगते आणि जाळीलगत हिरव्या लगद्याचा घट्ट थर बसतो. एकदा हा थर बसला की बिअर आत जात नाही आणि आतले तेल बाहेर येत नाही.

हे खरोखर किती घडते, ते पाहण्यासाठी आम्ही एकाच वर्टची बिअर किण्वनानंतर १०-१० लिटरच्या दोन भांड्यांत विभागली. दोन्हींत एकाच पाकिटातले ६० ग्रॅम सिट्रा जातीचे हॉप्स, दोन्हींचे तापमान १९ अंश, दोन्हींत आधी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडून हवा बाहेर काढलेली. एका भांड्यात हॉप्स मोकळे, दुसऱ्यात नळीत. तीन दिवसांनी दोन्ही बिअर शून्याजवळ थंड करून केगमध्ये (बिअरच्या हवाबंद पिंपात) भरल्या आणि ट्रँगल पद्धतीने चाखायला दिल्या, म्हणजे तीन पेल्यांपैकी दोन एकसारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते चाखणाऱ्याने ओळखायचे. चाखणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो नाकाशी नेताच ओळखला. मोकळ्या हॉप्सच्या बिअरला पिकलेला आंबा आणि पपनसाचा वास होता. पेला टेबलावर ठेवलेला असतानाही तो जाणवत होता. नळीच्या बिअरला लिंबाच्या सालीचा पुसट वास होता आणि त्यामागे माल्टचा गोडसरपणा अधिक पुढे आला होता. ती वाईट नव्हती. फक्त ६० ग्रॅम हॉप्स घातलेली बिअर ती वाटत नव्हती.

त्याहून बोलका पुरावा नळी उघडल्यावर मिळाला. झाकणाच्या आट्यांत लगदा बसल्यामुळे ते हाताने फिरेना. फडक्याने घट्ट धरून फिरवावे लागले. जाळीला चिकटलेला बाहेरचा थर गडद हिरवा आणि ओला होता. चमच्याच्या दांड्याने तो बाजूला सारला, तर मधोमध फिकट हिरव्या कांड्या जशाच्या तशा उभ्या होत्या. काहींवर कारखान्यात पडलेली कापाची कडसुद्धा शाबूत होती. मित्राने त्यांतली एक बोटांत धरून मोडली, तिचा कट् असा आवाज झाला, आणि तो म्हणाला, ‘‘अरे, हे तर आत अजून कोरडंच आहे.’’ चुरलेल्या कांडीचा वास मात्र खोलीभर पसरला. आपण पैसे मोजून घेतलेला सुगंध बिअरमध्ये न जाता नळीतच राहिल्याचे इतके स्पष्ट दर्शन मला दुसऱ्या कशातून झाले नसते.

विक्रेते या नळीत १०० ग्रॅमपर्यंत हॉप्स मावतात असे लिहितात. कोरडे हॉप्स मावतात हे खरे आहे, पण प्रश्न कोरड्या हॉप्सचा नाहीच. माझ्या अनुभवाने या मापाच्या नळीत ३० ग्रॅमपेक्षा जास्त गोळ्या घालू नयेत. तेवढ्याच घातल्या, नळी आडवी पडेल असे पसरट भांडे घेतले आणि भांडे दिवसातून दोनदा हलक्या हाताने घुसळले, तर निकाल बराच सुधारतो. हलवण्याचे महत्त्व अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठातील अभ्यासांतही दिसून आले आहे: बिअर फिरती ठेवली, तर हॉप्समधील तेलांचा मोठा भाग काही तासांतच उतरतो आणि स्थिर भांड्यात त्याच कामाला दिवस लागतात. म्हणूनच मोठ्या ब्रुअरीत हॉप्स टाकीत मोकळे सोडून पंपाने बिअर फिरवतात आणि टाकीच्या शंकूसारख्या तळातून गाळ काढून टाकतात. आपल्याकडे पंप नसतो, त्यामुळे हाताने हलवणे हाच उपाय उरतो. मात्र झाकण हवाबंद हवे आणि आत सीओटू भरलेला असावा, नाहीतर त्या हलवण्यातून ऑक्सिजनच बिअरमध्ये मिसळेल.

यातून खर्चाचा प्रश्न उभा राहतो, जो जाहिरातीत कुठेच दिसत नाही. याच विद्यापीठात स्कॉट लाफोन्टेन आणि थॉमस शेलहॅमर यांनी कॅस्केड जातीच्या हॉप्सवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे हॉप्स वाढवले, तरी सुगंध त्या प्रमाणात वाढत नाही, उलट लिंबूवर्गीय वास मागे पडून चहा आणि पाल्याचा वास पुढे येतो, असे आढळले. लिटरला ४ ते ८ ग्रॅम हे प्रमाण त्यांनी योग्य मानले. हा हिशेब २० लिटरला लावला, तर ८० ते १६० ग्रॅम हॉप्स लागतात. एका नळीत ३० ग्रॅम धरले, तर कमीत कमी तीन नळ्या हव्यात. तीन नळ्यांच्या किमतीत आयात केलेल्या चांगल्या हॉप्सची पाकिटे येतात, आणि बिअरचा सुगंध वाढवायचा असेल तर पैसे तिथेच खर्च व्हायला हवेत, असे माझे ठाम मत आहे.

कारण सुगंधाचा पहिला निर्णय पाकिटातच झालेला असतो. १९७२ मध्ये बाजारात आलेली कॅस्केड जात असो, २००८ मधली सिट्रा असो की २०१२ मधली मोझेक, गोळ्या जुन्या झाल्या किंवा गरमीत पडून राहिल्या की त्यांचा हिरवा रंग तपकिरीकडे झुकतो आणि लिंबू-आंब्याच्या जागी जुन्या चीजसारखा आंबूस वास येऊ लागतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८-४० अंशांवर असताना कुरिअरच्या गाडीत दोन दिवस फिरलेले पाकीट याच कारणाने संशयास्पद ठरते. पाकीट फॉइलचे आणि हवा काढून बंद केलेले असावे, ते पिशवीसारखे फुगलेले नसावे, त्यावर हंगामाचे वर्ष छापलेले असावे, आणि घरी आल्यावर ते फ्रिजच्या दारात न ठेवता थेट फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर जावे. उघडलेले पाकीट पुन्हा हवा काढून बंद करता येत नसेल, तर लागेल तेवढेच छोटे पाकीट घेणे बरे. अशा काळजीने ठेवलेल्या हॉप्सचे ४० ग्रॅम निष्काळजीपणे ठेवलेल्या १०० ग्रॅमना भारी पडतात.

नळीचा दुसरा दोष ऑक्सिजनचा आहे आणि तो अधिक लपलेला आहे. मोकळ्या गोळ्या टाकताना झाकण क्षणभर उघडते, एवढाच धोका असतो. नळी टाकताना तिच्यातली सगळी हवा बिअरखाली जाते, आणि लगद्याच्या थरामुळे ती आतच कोंडून राहते. हॉप्सची तेले ऑक्सिजनला फार नाजूक असतात. आठवड्याभरात वास बोथट होतो, गढूळ आयपीएचा सोनेरी रंग करडा-तपकिरी होतो आणि चवीला ओल्या पुठ्ठ्याची छटा येते. भरलेल्या नळीत झाकण लावण्यापूर्वी सीओटू सोडला, तर हे बरेच टळते, पण सूचनापत्रिकेत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. शिवाय साखळी बाहेर ठेवून फर्मेंटरचे झाकण लावले, तर रबरी रिंग त्या जागी उचलली जाते आणि तिथून हवा आत येत राहते. साखळी काढूनच टाकावी. नळी बाहेर काढण्यासाठी नंतर चिमटा पुरतो.

तापमान आणि वेळ यांचा संबंध नळीपेक्षा पद्धतीशी अधिक आहे, तरी नळीच्या निमित्ताने तो सांगायला हवा, कारण पत्रिकेत ‘‘सात ते चौदा दिवस ठेवा’’ असे छापलेले असते. इतके दिवस ठेवण्याने हरवलेला सुगंध परत येत नाही. पाल्याचा तुरटपणा मात्र येतो. १५ ते २० अंशांवर दोन-तीन दिवस पुरे होतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत थंड खोलीत हे तापमान आपोआप मिळते, पण उन्हाळ्यात जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक यांच्याशिवाय ड्राय हॉपिंगचा विचारही करू नये. किण्वन जोरात चालू असताना हॉप्स घातले, तर बाहेर पडणारा सीओटू सुगंधही बरोबर घेऊन जातो. तेव्हा यीस्ट हॉप्समधील जेरॅनिऑलचे सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करते आणि त्यातून एक वेगळा फळांचा वास मिळतो, हे खरे. पण भर सुगंधावर असेल, तर किण्वन संपल्यावर आणि शक्यतो बरेचसे यीस्ट खाली बसल्यावर घातलेले हॉप्स अधिक फळ देतात, कारण तेले यीस्टला चिकटून त्याच्याबरोबर तळाशी जातात.

नळीच्या जाहिरातीतील एक दावा मात्र केवळ अतिशयोक्त नाही, तर धोकादायक आहे. नळी वेळेवर काढली की बिअर लगेच बाटलीत भरता येते, असे त्यात म्हटलेले असते. हॉप्समध्ये स्टार्चचे विघटन करणारी एन्झाइम असतात आणि ती बिअरमधील न आंबणाऱ्या डेक्स्ट्रिनपासून आंबणारी साखर तयार करतात. होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे नोंदवले होते. आज याला हॉप क्रीप म्हणतात. नळी बाहेर काढली, तरी विरघळलेली एन्झाइम बिअरमध्येच राहतात. यीस्ट पुन्हा जागे होते, बाटलीतला दाब वाढतो, लोण्यासारखा वास देणारे डायअॅसेटिल तयार होते आणि काचेची बाटली फुटूही शकते. हॉप्स काढल्यानंतर हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटली भरू नये. ज्यांच्याकडे केग आहे आणि बिअर सतत थंड ठेवण्याची सोय आहे, त्यांना हा धोका कमी आहे.

आता नळीच्या बाजूनेही लिहिले पाहिजे. बांधणी चांगली आहे. मी वापरलेल्या नळीची जोडाची शिवण पक्की होती, जाळीला कुठे बोट टोचले नाही आणि वापर वाढल्यावरही गंज दिसला नाही. स्टील असल्याने ती उकळता येते, फक्त लांबीमुळे घरातल्या कुकरमध्ये मावत नाही; मोठ्या पातेल्यात तिरकी ठेवून, मध्येच उलटी करून उकळावी लागते. जाळीत बसलेला हिरवा राळेसारखा थर नुसत्या पाण्याने निघत नाही, त्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवून बाटलीच्या ब्रशने आतून घासावे लागते. बिअर भरताना नळात किंवा सायफनमध्ये गाळ अडकत नाही, ही सोय मोठी आहे. पहिल्यांदाच ड्राय हॉपिंग करणाऱ्याला तेवढ्यासाठी ती आवडू शकते. तसेच फुलांच्या स्वरूपातील हॉप्स वापरणाऱ्यांना ती अधिक उपयोगी पडेल, कारण फुलांचा लगदा होत नाही आणि त्यांच्यामधून बिअर फिरत राहते. पण आपल्याकडे चांगली फुले क्वचितच मिळतात.

तिच्या तुलनेत आम्ही मलमलची पिशवीही वापरून पाहिली. लक्ष्मी रस्त्यावरून घेतलेले पांढरे, खळ नसलेले मलमल, दोन वेळा उकळून, हातभर रुंदीची पिशवी शिवून तिच्यात स्टीलचे एक-दोन जड नट टाकले, म्हणजे ती तरंगत नाही. त्याच ६० ग्रॅम हॉप्सना या पिशवीत पसरायला पुरेशी जागा मिळाली आणि सुगंध नळीपेक्षा उघडपणे जास्त आला, जरी मोकळ्या हॉप्सइतका नव्हे. खर्च नळीच्या तुलनेत नगण्य. काढताना ती पिशवी पिळू मात्र नये. पिळल्याने तुरट, जिभेला चरचरणारा रस बिअरमध्ये उतरतो.

नळी आधीच विकत घेतलेल्यांना ती फेकण्याची गरज नाही. हॉप्स बिअरमध्ये मोकळे सोडावेत, तीन दिवसांनी फर्मेंटर शून्य ते दोन अंशांपर्यंत थंड करून दोन दिवस तसाच ठेवावा, म्हणजे बहुतेक पूड तळाशी घट्ट बसते. मग रिकामी, निर्जंतुक केलेली नळी सायफनच्या टोकावर गाळणीसारखी चढवून बिअर केगमध्ये घ्यावी. सायफनचे टोक तळापासून तीन-चार बोटे वर ठेवावे आणि बिअरची पातळी उतरेल तसे सावकाश खाली न्यावे, कारण ते एकदम गाळात गेले, तर ३०० मायक्रॉनची जाळी क्षणात बुजते, प्रवाह थांबतो आणि पुन्हा सुरू करताना सायफनमध्ये हवा शिरते. शेवटचा लिटरभर भाग गाळासकट सोडून द्यावा लागतो. नळीत हॉप्स भरून तो लिटर वाचतो, हे खरे, पण त्यासाठी उरलेल्या एकोणीस लिटरांचा सुगंध द्यावा लागतो.